डाव्या बाजूची बट्टी

आबांचा हात गेला तेव्हा जिनमध्ये तेवीस यंत्रं चालू होती. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण एकूण यंत्रं चोवीस होती, बारा-बारांच्या दोन ओळींत, आणि त्यातलं एक बंद पडलं म्हणून तर आबा त्याच्यापाशी गेले होते. नंदुरबारला आमचं घर जिनच्या कुंपणाला लागून होतं. कपाशीतून सरकी काढण्याचा तो आवाज हंगामाचे पाच-सहा महिने आमच्या भिंतींत मुरलेला असे. फडताळातले पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणत. माय चुलीपुढून मोठ्यानं बोले आणि जिन बंद झाल्यावरही तशीच मोठ्यानं बोलत राही, मग आबा म्हणत की बाई, वाफ उतरली, तू पण उतर. रुईचे बारीक तंतू उडत येऊन सगळ्यावर बसत. झाकण नीट नसलं तर दुधाच्या सायीवरसुद्धा.

आबा जिनमध्ये मिस्त्री होते. चामड्याचे रोळ घासून नीट करणं, पात्याला धार लावणं, पाती आणि रोळ यांच्यात नेमकं अंतर ठेवणं हे त्यांचं काम. हे अंतर ते डोळ्यांनी पाहत नसत, कानांनी ऐकत. घरी जेवताना घास हातात तसाच धरून ते मान तिरपी करत आणि म्हणत, अकरावं करकरतंय. मग उठून जात. यंत्रांना फिरवणारे पट्टे जमिनीखालच्या लांब दांड्यावरून येत. एखादा पट्टा उतरला की खरं तर इंजिन थांबवून तो चढवायचा, पण एका यंत्रासाठी तेवीस यंत्रं कोण थांबवणार? फिरत्या दांड्यावर हातानं पट्टा चढवायचा ही जिनमधली जुनी पद्धत होती आणि ती साऱ्यांत सफाईनं आबांना येई. ते पट्ट्याला उजव्या तळव्यानं एक झटका देत आणि पट्टा जागेवर जाऊन बसे. त्या दिवशी पौषाची थंडी होती आणि त्यांच्या अंगात लांब बाह्यांचा कोट होता. एवढंच वेगळं होतं.

मी पापड वाळत घातले होते. ते एकोणपन्नास होते. ओरडा ऐकू आला नाही, त्या आवाजात येणारही नव्हता. मला ऐकू आलं ते सगळी यंत्रं मंदावत थांबल्याचं, आणि मग पेले किणकिणायचे थांबले. माय चुलीपुढून उठून दारात आली, आणि जिनचं फाटक उघडायच्या आधीच तिनं डोक्यावरचा पदर दातात धरला.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं कापावा लागला. पंचवीस दिवसांनी ते मोटारीनं घरी आले. डॉक्टरांनी मायला सांगितलं होतं की जखम भरेल, पण माणूस पोटभर जेवला तरच भरेल. अंगात रक्त नसेल तर मलम काय करणार? मायनं ते वाक्य तसंच्या तसं पाठ केलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवी. आणि नेमकं तेच होत नव्हतं. आबा जेवत नव्हते.

आता इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, जी तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारली नाही. माणसाला दोन हात असतात आणि आपल्याकडे त्यांची कामं वाटून दिलेली आहेत. उजवा जेवायला, वाढायला, देवाला. डावा शौचाला. आबांकडे आता एकच हात होता आणि तो डावा होता. त्या हातानं ताटाला शिवायचं हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. परसाकडून आले की ते राख मागत. मी राखेचं मडकं आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राही. ते हात घासत, उजव्या कोपराखालच्या बांधलेल्या भागाला लावून घासत, पायाच्या चवड्यावर घासत. मी मोजी. सात वेळा. तळहात फुटून त्याला भेगा पडल्या. आणि इतकं घासूनही जेवायला बसले की तो हात ते मांडीखाली घालून ठेवत.

माय त्यांना भरवी. दार लोटून घेऊन, पाठ माझ्याकडे करून. अपघाताआधी आबा दोन्ही जेवणं मिळून पाच भाकरी खात. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, आणि वर लाल मिरचीचा ठेचा. आता मायच्या हातचे नऊ-दहा घास घेत आणि तोंड फिरवत. मी दाराच्या फटीतून मोजत असे. एकदा अकरा झाले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सहा झाले. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. जखमेच्या कडेला एका जागी पाणी यायचं थांबेना.

आणि ते एका जागी बसत नसत. भोंगा झाला की उभे राहत, ओट्यावरून कडुनिंबापर्यंत जात आणि परत येत. त्रेचाळीस पावलं जायची, त्रेचाळीस यायची. नसलेल्या तळव्याला खाज सुटे, तेव्हा ते हवेत खाजवल्यासारखं करत आणि मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत. यंत्रांचा आवाज चालूच होता. चौथं ढिलं आहे, सतरावं चामडं खातंय, असं ते स्वतःशी म्हणत आणि कुणाला सांगायला जात नसत. रोज सकाळी ते ठरवत की म्हसावदला काकांकडे शेतावर जाऊन राहायचं, आणि रोज दुपारी ते मोडत. माय गाठोडं बांधी आणि सोडी. मलाही त्या दिवसांत बसवत नसे. मी घागर भरलेली असतानाही पुन्हा विहिरीवर जायची. आजही घरात कुणी आजारी असलं की मी घरभर फिरत राहते आणि सून म्हणते, आई, तुम्ही बसा, तुमच्यानं आम्हालाच दम लागतो.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. चौथी होऊन घरी बसले होते. आणि मी जन्मानं डावरी होते. हे आता लिहिताना सोपं वाटतं, पण आमच्या घरात तो शब्द मी सहा वर्षांची असतानाच बंद झाला होता. तो आबांनीच बंद केला. मायच्या जुन्या लुगड्याचा तांबड्या काठाचा पट्टा फाडून त्यांनी माझा डावा हात जेवताना कमरेला बांधायला सुरुवात केली. दोन महिने रोज दोन वेळा, म्हणजे सुमारे एकशेवीस जेवणं. आबा कधी कुणावर हात उगारणारे नव्हते, पण ह्या एका बाबतीत मी रडले तरी त्यांनी गाठ सोडली नाही. फार पुढे, माझं लग्न ठरल्यावर, मायनं मला त्याचं कारण सांगितलं. आबा नवीन असताना त्यांच्या समोर एका डावऱ्या मजुराची बोटं रोळात गेली होती. सगळी यंत्रं उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली असतात, डावरा माणूस तिथे उलटा उभा राहतो. तेव्हापासून आबा म्हणत, "जिनमा डावरासनाच हात जास." त्यांच्या मते ते माझा हात वाचवत होते. मुलीची जात, ती जिनमध्ये कशाला जाईल, हा हिशेब त्यांनी केला नव्हता.

मी उजव्या हातानं जेवायला शिकले, लिहायलाही शिकले. पण तो पट्टा कुठे ठेवला आहे ते मला माहीत होतं. आणि शेतात, विहिरीवर, कुणी नसताना भाकरी खायची वेळ आली की माझा डावा हात आपोआप पुढे येई. तो काही विसरला नव्हता.

फाल्गुनातली दुपार होती. मायच्या माहेरची कुणी बाई बाळंत झाली होती म्हणून ती सकाळपासून तिकडे गेली होती आणि आबांना भरवायचं माझ्याकडे होतं. मी भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि कांदा घेऊन त्यांच्यापुढे बसले. पहिला घास केला आणि पुढे नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"माले नको," ते म्हणाले.

बायकोच्या हातून ते कसेबसे घेत होते. मुलीच्या हातून घेणं त्यांना जमणार नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग आला. सकाळी माय जायच्या आधी भरवून गेली तेवढे पाच घास त्यांच्या पोटात होते, मी मोजले होते. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि उठले. पेटीच्या तळाशी, मायच्या जुन्या चोळ्यांखाली तो पट्टा होता. तांबडा काठ फिका झाला होता. मी तो घेऊन आले, माझं ताट आणलं, त्यांच्यासमोर बसले आणि माझा उजवा हात मागे घेऊन कमरेला बांधला. पट्ट्याचं एक टोक दातांत धरून गाठ एका हातानं मारली. मग डावा हात ताटात घातला.

भाकरी एका हातानं मोडणं तसं सगळ्यांनाच येतं, रीतच ती आहे, पण उजव्या हाताची. त्याच बोटांची नक्कल डाव्या हातानं केली की भाकरी ताटातून घसरते. डाव्याची पद्धत वेगळी आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांनी भाकरी दाबून धरायची, मनगट आत वळवायचं आणि अंगठ्यानं तुकडा आपल्याकडे नाही, बाहेर ओढायचा. मी तसे चार घास खाल्ले. मान वर केली नाही. पाचव्या घासाला ते बोलले.

"तू आजून भुलनी नही?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, आता ते उठून जातील, किंवा पट्टा सोड म्हणतील. जिनमधून यंत्रांचा आवाज येत होता. त्यांनी मांडीखालचा हात काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "राख आन."

मी पट्टा न सोडताच राख आणली. त्यांनी हात धुतला. सात वेळा. मग ताटापाशी बसून म्हणाले, "कसं धरस, दाखाड माले."

त्या दुपारी त्यांच्या ताटाबाहेर सतरा तुकडे पडले. दाढीला वरण लागलं. एक तुकडा उडून माझ्या ताटात आला, तेव्हा ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले की डावरे लोक पाहुणचार चांगला करतात. पाऊण भाकरी गेली. पाऊण भाकरी, आणि तीही स्वतःच्या हातानं.

मायला मी सांगितलं नाही, पण तिसऱ्या दिवशी तिनं पाहिलं. ती दारात उभी राहिली. आबा आपल्या ताटावर वाकलेले होते आणि समोर मी, उजवा हात कमरेला बांधून. त्यांचं जेवण होऊन ते निंबाकडे गेल्यावर तिनं माझ्या कमरेची गाठ सोडली आणि म्हणाली, "त्यासना इलाज नही. तुले ते दोन्ही हात शेतस ना?" लक्ष्मी घरात टिकत नाही अशानं, आणि डावरी सून कोण करून घेईल, आणि हे बाहेर कुणाला कळता कामा नये. ती चुकीचं बोलत होती असं मी म्हणणार नाही. तिला दोन माणसांची चिंता होती आणि मला त्या वेळी एकाचीच. मग असं ठरलं की मी फक्त घरात, दार लोटून, आणि आबा शिकेपर्यंतच डाव्या हातानं जेवायचं. पंधरा दिवसांनी ताटाबाहेर तीन तुकडे पडत होते. जखमेचं पाणी थांबलं. भाकरी एका वेळेला दीडवर आली.

तरी आबा अजून कुणाबरोबर जेवलेले नव्हते. हंगाम संपत आला की जिनच्या आवारातल्या मारुतीपुढे चैत्री पौर्णिमेला भंडारा होई. सगळे कामगार, हमाल, त्यांच्या घरच्या बायकापोरी, सगळे एकत्र जेवत. आमच्याकडे भंडारा म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, दुसरं काही नाही. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला. ती फोडायची, चुरायची, वर तूप आणि वरण. फोडताना उजवा हात जोर लावतो आणि डावा पान धरतो. आबा म्हणाले, मी येणार नाही. मग म्हणाले, नुसता पाया पडून येईन. मग म्हणाले, म्हसावदलाच जाऊ. पौर्णिमेच्या आधीच्या चार दिवसांत ते निंबापर्यंत किती वेळा गेले ते मला सांगता येणार नाही, मी मोजणं सोडून दिलं होतं.

मायनं मात्र रोज दोन बट्ट्या भाजायला सुरुवात केली. ती भाजून आमच्यापुढे ठेवी आणि बाहेर जाऊन बसे. पहिल्या बट्ट्या ताटातून घरंगळत चुलीपर्यंत गेल्या. शेवटी युक्ती सापडली ती अशी की बट्टी पानाच्या मध्ये नाही, डाव्या कडेला ठेवायची, आणि तळव्याच्या टाचेनं दाबत बाहेरच्या बाजूला वळवायची. उजवीकडे ठेवलेली बट्टी डाव्या हाताला कधी फुटायची नाही. आठ बट्ट्यांपैकी शेवटच्या तीन साफ फुटल्या.

भंडाऱ्याला आबा गेले. पुरुषांची पंगत आधी बसली. बासष्ट पानं होती. आम्ही बायका मारुतीच्या देवळाच्या बाजूला उभ्या होतो. आबा ओळीच्या अगदी टोकाला बसले, कापलेला हात उपरण्याखाली. जयजयकार झाला, लोकांनी हात पानांत घातले, आणि आबांनी बट्टी सरकवून पानाच्या डाव्या कडेला घेतली. आजूबाजूचे हात थांबले. शेजारी दगडू मुकादम होता, आबांचा वीस वर्षांपासूनचा सोबती, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "मिस्तरी, आते पट्टा डाव्या हाते चढावशी का?"

"पट्टा नही भाऊ, बट्टी," आबा म्हणाले, आणि तळव्याखाली बट्टी फुटली.

दोन-चार जण हसले. पण समोरच्या ओळीत देवळाची झाडलोट करणारा म्हातारा बसला होता. त्यानं आपलं पान थोडं मागे ओढलं आणि म्हणाला, "पन मिस्तरी, तो हात..." पुढचं त्यानं सोडून दिलं. सगळ्यांना कळलं. इतके दिवस आमच्या घरात न बोललेली गोष्ट आता बासष्ट माणसांच्या मधे येऊन बसली होती. मायनं माझं मनगट घट्ट धरलं.

आबांनी तो हात उचलला आणि उघडा करून म्हाताऱ्यापुढे धरला. वरणानं माखलेला, पण भेगा दिसत होत्या.

"सात दाव राख लावस मी," ते म्हणाले. "तू कितला दाव लावस?"

दगडू मुकादम इतक्या जोरात हसला की त्याला ठसका लागला, आणि मग सगळी ओळ हसली, आणि त्या हसण्यात म्हाताऱ्याचं पान हळूच पुन्हा जागेवर आलं. आबांनी तीन बट्ट्या खाल्ल्या. दुसरी त्यांनी वाढणाऱ्याला स्वतः बोलावून घेतली.

नंतर बायकांची पंगत बसली. त्या दिवशी पुरुषांनी बायकांना वाढायचं असा आमच्या जिनचा नियम होता. मी मायच्या शेजारी बसले, उजवा हात मांडीवर तयार ठेवून, शहाण्या मुलीसारखी. वाढणाऱ्यांत आबा होते. बट्ट्यांची टोपली त्यांनी उजव्या कोपरात अडकवली होती. उपरणं खांद्यावर टाकलं होतं, हात झाकलेला नव्हता. डाव्या हातानं एकेक बट्टी काढून ते पानांत ठेवत येत होते. एक-दोघींनी पदर पुढे ओढला, पण बट्टी कुणी नाकारली नाही.

माझ्यापाशी आल्यावर त्यांनी बट्टी पानाच्या मध्ये ठेवली, सगळ्यांना ठेवली तशी. एक पाऊल पुढे गेले. मग मागे आले, टोपली खाली ठेवली, माझ्या समोर उकिडवे बसले आणि पळसाची ती गोल पत्रावळ एका हातानं धरून हळूच फिरवली. डावीकडचा वरणाचा द्रोण उजवीकडे गेला, सांडला नाही. बट्टी त्यांनी सरकवून डाव्या कडेला आणली. तिथे ती कुणासाठी ठेवतात हे त्या ओळीत आम्ही तिघंच जाणत होतो.

"आते ठीक," ते म्हणाले. "जेव."

मी मायकडे पाहिलं. ती आपल्या पानात वरण कालवत होती आणि वर बघत नव्हती, पण तिनं आपला गुडघा थोडा बाजूला घेतला, माझ्या डाव्या कोपराला जागा व्हावी इतका. आबा टोपली उचलून पुढच्या पानाकडे गेले. मी डावा हात पुढे केला आणि तळव्याच्या टाचेनं बट्टी दाबली.

त्या दिवशी माझ्या पानाबाहेर किती सांडलं, ते मी मोजलं नाही.